गडांच्या वाटा : त्यांची दुर्गमता, सुगमता व अपंगांचा अधिकार

ता. ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्को संस्थेनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व तमिळनाडूंतील जिंजी हे ते बारा होत. ह्या सन्मानाबरोबर एक जुना वादही पुन्हां वर आला आहे. किल्ल्यांच्या वाटा सुधाराव्या, कठडे घालावे, पाळणे बांधावे, असें एक पक्ष म्हणतो. वाटेस हात लावल्यास किल्ल्याचें किल्लेपण जाईल, असें दुसऱ्याचें म्हणणें. दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढें असतो तो धडधाकट पायांचा मनुष्य. ज्यास चालतां येत नाहीं, ज्यास दिसत नाहीं, चाकांची खुर्ची हेच ज्याचे पाय, त्यानें किल्ला पहावा कीं नाहीं, आणि पहावयाचा तर कोठपर्यंत, हा प्रश्न त्या वादांत ओघानें येतो व ओघानेंच मागें पडतो. प्रस्तुत लेखांत आम्ही तोच पुढें घेत आहों. इतिहाससंशोधकांचा यांत काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. संबंध असा कीं, वाट ही तटबुरुजांइतकेंच व शिलालेखाइतकेंच इतिहासाचें एक साधन आहे. ती कोणासाठीं केली व कोणासाठीं मोडली, हें जाणल्यावांचून ह्या वादाचा निकाल नीट लागणार नाहीं.

आरंभीं एका शब्दाविषयीं. सरकारी कागदांत आज ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. जुन्या मराठींत आंधळा, पांगळा, थोटा, लंगडा असे रोखठोक शब्द येतात. आम्हीं येथें सर्वसामान्य असा ‘अपंग’ शब्द योजिला आहे, व त्यांत कोणाचाही अवमान अभिप्रेत नाहीं.

मराठींत वाटांचीं नांवें बहुधा तिच्यावरून कोण जातो यावरून पडलीं आहेत. गाडी जाते ती गाडीवाट, बैल जातो ती बैलवाट, घोडा जातो ती घोडवाट, आणि एकटें माणूसच जाईल ती पाऊलवाट. नित्य रहदारीची ती राबत्याची वाट. परक्यास ठाऊक नसावी ती चोरवाट. कोंकणांत दगडी पायऱ्यांच्या वाटेस पाखाडी म्हणतात, आणि कड्याच्या फटींतून खालीं उतरते तिला नाळ. ही नामावळी लहानशी नाहीं. पण तींत आंधळ्यापांगळ्याच्या वाटेस नांव नाहीं, कारण तशी वाट कोणी केली नाहीं. पांगळ्यानें पर्वत ओलांडावा ही ईश्वरी कृपेची परमावधी म्हणून संस्कृत स्तोत्रकारांनीं वर्णिली. सूर्याचा सारथि अरुण पांगळा, म्हणून पहांटे भिक्षा मागत फिरणारे पांगुळ आपल्याकडे होते. एकनाथांच्या भारुडांत आंधळा व पांगळा दोघेही येतात, ते परमार्थाच्या दृष्टांतासाठीं. दृष्टांतांतला हा परिचित मनुष्य वाटसरू म्हणून मात्र कोणाच्या हिशेबीं धरलेला दिसत नाहीं.

आतां गडांकडे वळूं. ‘दुर्ग’ शब्दाचा अर्थच मुळीं जेथें जाणें कठीण तें स्थान. पण ही कठिणता म्हणजे केवळ सह्याद्रीची देणगी, असें समजण्याचा जो प्रघात आहे तो आम्हांस मान्य नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें, सन १७१५ च्या सुमाराचें आज्ञापत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. त्यांतील दुर्गांविषयींच्या प्रकरणांत असें सांगितलें आहे कीं, गडास येण्याचे मार्ग सोपे असूं नयेत. सोपे असतील ते मोडून त्यांवर झाडी वाढवावी, आणि दुसऱ्या अंगानें अत्यंत कठीण असे मार्ग घालावे. गडास एकच दरवाजा असणें हा दोष मानून दोन तीन दरवाजे व चोरदिंड्या कराव्या, राबत्यास लागतील तेवढ्या चालू ठेवाव्या व बाकीच्या चिणून टाकाव्या, असाही उपदेश तेथें आहे. म्हणजे वाट किती अवघड असावी, हें विचारानें ठरविलेलें, माणसें लावून व द्रव्य खर्चून केलेलें काम होतें. रायगडच्या महादरवाजापाशीं दोन बुरुजांच्या कवेंत वाट वळविली आहे ती उगाच नव्हे. त्र्यंबकजवळील हरिहर किल्ल्याच्या उभ्या कड्यांत खोदलेल्या पायऱ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस प्रत्येक पायरीच्या अंगास हात अडकविण्यापुरत्या केलेल्या खोबण्या आठवतील. चढणारास हात मोकळे राहूं नयेत आणि एका वेळीं एकच मनुष्य वर यावा, असा ह्या वाटेचा परिणाम होतो. शस्त्रधारी शत्रूस अडविण्यासाठीं जी युक्ति, तीच काठी धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यास अडविते. कारागिराच्या मनांत तो म्हातारा नसला तरी अडणें चुकत नाहीं.

सन १८१८ मध्यें पेशवाई बुडाली तेव्हां ह्याच विद्येचा उलटा प्रयोग इंग्रजांनीं केला. नाशिक प्रांतींचे किल्ले कॅप्टन ब्रिग्ज वगैरे अंमलदारांच्या ताब्यांत आल्यावर, पुन्हां कोणी त्यांचा आश्रय करूं नये म्हणून, कित्येकांचे दरवाजे, टांकीं व वाटा निकामी करण्यांत आल्या. अलंग व मदन ह्या गडांच्या कातळांतील पायऱ्या सुरुंगांनीं उडविल्या, त्या जागीं आज दोर लावल्यावांचून मनुष्य वर जाऊं शकत नाहीं. हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या. तेव्हां आज जिला आपण गडाची मूळची दुर्गमता म्हणून पूज्य मानतों, तींत कांहीं भाग अमात्यांच्या काळच्या धोरणाचा, कांहीं इंग्रजी सुरुंगाचा, व कांहीं दोनशें वर्षांच्या हयगयीचा आहे. हे तीन थर निरनिराळे ओळखणें हें संशोधकाचें काम होय. सरसकट सर्वांस ‘शिवकालीन वाट’ म्हणून हात जोडणें हा भक्तिभाव असेल, संशोधन नव्हे.

किल्ल्यांच्या उलट देवस्थानांची गोष्ट. तेथें येणारास अडवावयाचें नसे, आणावयाचें असे. म्हणून डोंगरावरील देवास पायऱ्या बांधणें हें मोठ्या पुण्याचें कृत्य मानलें जाई. वणीच्या सप्तशृंगीच्या पायऱ्यांशीं उमाबाई दाभाडे यांचें नांव निगडित आहे. जेजुरीस तर लोकवाणीनें पायऱ्यांची संख्या नऊ लाखांवर नेली आहे! पायरी बांधून तिच्यावर आपलें नांव कोरविण्याचा प्रघातही ह्याच समजुतींतून निघाला. भक्तांच्या पायांची धूळ आपल्या नांवावर पडावी हा त्यांतला भाव. रायगडावर जगदीश्वराच्या दारच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचा लेख आहे तो सर्वश्रुतच आहे. ज्यानें राजधानी उभारली त्यानें आपल्या नांवासाठीं पायरीच निवडली. पायरी म्हणजे नुसता बांधकामाचा दगड नव्हे, ती कागदपत्राच्या योग्यतेची वस्तु असूं शकते, एवढें ह्यावरून ध्यानांत ठेवावें. पुढें ह्याचा उपयोग होणार आहे.

पुण्याची पर्वती ह्या संबंधांत विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. नानासाहेब पेशव्यांनीं तेथें देवदेवेश्वराचें मंदिर सन १७४९ मध्यें पूर्ण केलें. मातुश्री काशीबाईंच्या पायास व्याधि होती, तीसाठीं केलेल्या नवसांतून हें देवालय झालें, अशी परंपरा सांगते. वर जाण्यास शंभरांवर पायऱ्या आहेत, त्या ऐसपैस रुंद व चढावयास हलक्या असून हत्तीघोडे व पालख्या वर जाव्या अशा बेतानें बांधलेल्या आहेत. परंपरा अक्षरशः खरी धरली तर मोठी चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते: पाय दुखणाऱ्या एका स्त्रीच्या नवसाचें देऊळ टेंकडीच्या माथ्यावर झालें, आणि मग त्या टेंकडीची वाट तिला जाण्याजोगी करावी लागली. श्रीमंतांच्या मातुश्री असल्यामुळें तसें झालें. तरी एवढें सिद्ध होतें कीं, मंद चढाची, रुंद व विसाव्याच्या जागा असलेली वाट डोंगरावर कशी बांधावी, हें अठराव्या शतकांतील पुण्याच्या पाथरवटांस उत्तम अवगत होतें. ही कल्पना कोणी परदेशांतून आणून आपल्या डोंगरांवर लादीत आहे असें जे म्हणतात, त्यांनीं एकदां पर्वती पायांनीं मोजावी.

जेथें वाट तशी नव्हती तेथें मनुष्यास उचलून नेत. पालखी, मेणा, डोली हीं तीन वाहनें व भोई हा त्यांचा चालक. सन १६६० च्या जुलै महिन्यांत पन्हाळ्याच्या वेढ्यांतून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले ते पालखींतून, भर पावसांत, रात्रीं. आणि ती वाट काय प्रकारची आहे हें पावनखिंडीपर्यंत चाललेल्या कोणासही विचारावें. म्हणजे भोई अंगाचे व वाटेचे माहितगार असतील तर न जाण्यासारखी जागा थोडी. परंतु पालखी हा आधीं मान होता व मग वाहन. पालखीची नेमणूक ज्यास सरकारांतून असे, तो चालूं शकत नाहीं म्हणून ती नसे. तो मोठा म्हणून असे. पांगळ्या शिपायाच्या वांट्यास ती कशी यावी?

ह्या पांगळ्या शिपायाचा उल्लेख मुद्दाम केला. राजाराम महाराजांच्या काळीं जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानें, अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनीं जखमी लोकांस प्रत्येकाची जखम पाहून पंचवीसपासून दोनशेंपर्यंत होन दिले व मेलेल्यांच्या बायकामुलांची तरतूद केली, असें नमूद केलें आहे. जखम ‘पाहून’ देणें ह्यांत जखमेची प्रत लावलेली आहे. हातापायानें कायमचा गेलेला मनुष्य व लौकर बरा होणारा मनुष्य यांत भेद केला आहे. राज्यानें अपंगाचें देणें मानल्याचा हा आपल्याकडील एक जुना व स्पष्ट दाखला होय. तें देणें रोकड होतें. ज्या गडासाठीं तो लढला त्या गडावर पुन्हां जाण्याच्या वाटेचें नव्हतें. आज बारा किल्ल्यांच्या सन्मानाचा उत्सव होत असतां हा भेद आम्हांस बोंचतो.

डोली अजून गेलेली नाहीं. घारापुरीस धक्क्यापासून लेण्यांपर्यंतच्या शंभरावर पायऱ्या चढविण्यास खुर्चीच्या डोल्या मिळतात, अजिंठ्यासही मिळतात. ज्यांस त्यांचा उपयोग होतो त्यांनीं तो करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु डोलींत बसलेला मनुष्य आपल्या मर्जीनें थांबूं शकत नाहीं, वळूं शकत नाहीं, एखाद्या लेखापुढें अर्धा तास बसूं शकत नाहीं. भोई थांबतील तेथें तो थांबतो. संशोधकाच्या कामास असें पाहणें निरुपयोगी आहे. शिलालेखाचा ठसा घ्यावयाचा तर दगडाजवळ, आपल्या सोयीनें व आपल्या वेळीं पोंचतां आलें पाहिजे. भोयाच्या खांद्याचाही विचार केला पाहिजे. माथेरानास मोटारी नाहींत. तेथें सन १९०७ पासून लहान रुळांची आगगाडी आहे, आणि गांवांत घोडे व माणसांनीं ओढावयाच्या रिक्षा चालत आल्या. ह्या हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद कराव्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिला. त्याच वादांत दस्तुरी नाक्यापासून वरच्या वाटेस फरसबंदी करावी कीं लाल माती ठेवावी, हाही प्रश्न न्यायालयापुढें होता. माथेरानच्या मातीवरून चाके चालवावीं कशीं, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा खल देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनापुढें व्हावा, ह्यावरून वाटेचा पृष्ठभाग किती महत्त्वाचा हें ध्यानांत येईल.

चाकासाठीं सह्याद्रीचा चढ मंद करणें हें तरी कांहीं नवें नव्हे. बोरघाट पूर्वीं माणसांचा व लादलेल्या बैलांचा. सन १८३० मध्यें मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत तो चाकाच्या गाड्यांस खुला झाला. पुढें सन १८६३ मध्यें त्याच घाटांतून आगगाडी गेली, तिचा सर्वांत कडक चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. चाकाच्या खुर्चीस जो चढ सुसह्य मानतात, तो ह्याहून पुष्कळ उभा आहे. व्यापारासाठीं, लष्करासाठीं व टपालासाठीं डोंगर फोडतांना ज्या राज्यकर्त्यांस सह्याद्रि आडवा आला नाहीं, त्यांच्या वारसांस थोड्या पायऱ्यांच्या बाजूस उतार घालतांना मात्र निसर्गाचें पावित्र्य आठवतें.

कायद्याची स्थिति आतां थोडक्यांत सांगतों. सन २०११ च्या खानेसुमारींत देशांत अपंग म्हणून नोंदलेले लोक २ कोटी ६८ लक्ष होते, पैकीं महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६३ हजार. त्यांच्या समान संधीचा पहिला कायदा सन १९९५ चा. अपंगांच्या हक्कांविषयींच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारतानें ऑक्टोबर २००७ मध्यें मान्यता दिली, आणि त्यास अनुसरून केलेला सन २०१६ चा कायदा ता. १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येंत धार्मिक, सांस्कृतिक व करमणुकीच्या जागा ह्या कायद्यानें घेतल्या आहेत, व असलेल्या इमारती नियम निघाल्यापासून पांच वर्षांत सुगम करण्याचें बंधन घातलें आहे. ती मुदत सन २०२२ मध्येंच संपली. सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवणें कायद्याशीं विसंगत आहे, ते बंधनकारक केले पाहिजेत, असें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें राजीव रतुरी यांच्या खटल्यांत ठरविलें. आमच्या वाचकांस अधिक जवळचें असें २९ वें कलम आहे. त्यांत अपंगांच्या इतिहासाचें वस्तुसंग्रहालय स्थापणें व मैदानी शिबिरें आणि साहसाचे उपक्रम यांत त्यांचा प्रवेश सुलभ करणें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच कलमाखालीं सांगितल्या आहेत. कायदा लिहिणारांनीं डोंगर व दप्तर एका ओळींत आणून ठेवलें आहे!

परंतु ‘सुगम’ म्हणजे नेमकें किती, हें डोंगरवाटेपुरतें आपल्याकडे अजून कोणी बारकाईनें मोजून ठरविलेलें नाहीं. घरांच्या व रस्त्यांच्या मापांवर काम चाललें आहे. ह्या बाबतींत अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथें सरकारी मालकीचीं अफाट रानें व डोंगर आहेत, आणि सरकारी पैशानें बांधलेल्या जागा अपंगांस सुगम असाव्या असा कायदा सन १९६८ मध्यें झाला. तरी रानांतल्या पाऊलवाटेस तो कसा लावावा, हें ठरण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. वनखात्यानें आपले नियम सन २००६ मध्यें केले व सर्व मध्यवर्ती खात्यांस लागू असे नियम सन २०१३ मध्यें निघाले. त्यांतील मापें अशीं : वाट निदान ३ फूट रुंद, पृष्ठभाग घट्ट व न सरकणारा, चढ २० फुटांस १ फूट असेल तर लांबीस मर्यादा नाहीं, १२ फुटांस १ पर्यंत असेल तर सलग २०० फूट, १० फुटांस १ पर्यंत असेल तर ३० फूट, आणि ८ फुटांस १ पर्यंत असेल तर केवळ १० फूट, व त्यानंतर विसाव्याची सपाट जागा. वाट अरुंद असेल तेथें दर हजार फुटांस समोरून येणारास जागा देतां येईल असा ५ फूट चौरस पट्टा. आंधळ्या माणसाच्या डोक्यास फांदी लागूं नये म्हणून वर किती मोकळें असावें, हेंही त्यांत दिलें आहे.

ह्या नियमांचा खरा शहाणपणा त्यांच्या अपवादांत आहे. भूमि तशी नसल्यास, वाटेचें मूळ स्वरूपच पालटत असल्यास, किंवा ऐतिहासिक वास्तु व वन्य प्राणी यांच्या रक्षणाचे कायदे आड येत असल्यास माप सोडण्याची मुभा आहे. मात्र जेथें अडचण आहे तेवढ्याच भागापुरती, बाकीचा भाग शक्य तितका सुगम केलाच पाहिजे. एका जागीं कडा आला म्हणून सबंध डोंगर सोडून देतां येत नाहीं. दुसरें असें कीं, नव्या वाटेच्या तोंडाशीं जी पाटी लावावयाची, तींत वाटेची लांबी, पृष्ठभागाचा प्रकार, नेहमींची व कमींत कमी रुंदी, नेहमींचा व जास्तींत जास्त चढ, तसाच आडवा कल, हीं मापें द्यावीं लागतात. वाट कठीण आहे कीं सोपी, असा अभिप्राय तींत नसतो. मापें वाचून ज्याचा त्यानें निर्णय करावा.

हीं मापें आपल्या किल्ल्यांस लावून पाहिलीं म्हणजे दोन्ही पक्षांचे बरेचसे आवेश थंड होतात. रायगडाचा पाळणा सन १९९६ मध्यें झाला. तो सुमारें ४२० मीटर चढतो. तेवढी उंची २० फुटांस १ ह्या प्रमाणानें वाटेनें चढावयाची तर वाट ८,४०० मीटर, म्हणजे आठ किलोमीटरांवर लांब होईल, आणि ती कोरण्यांत गडाचा सबंध उतार विद्रूप होईल. असली वाट कोणी मागूंही नये. तेथें पाळणा हाच मार्ग. पण पाळण्याचें वरचें स्थानक आहे मेणा दरवाजाजवळ, आणि तेथून पुढें पुन्हां पायऱ्या. ज्या दरवाजाचें नांव राजस्त्रियांच्या मेण्यांवरून पडलें म्हणतात, त्याच दरवाजाशीं आजचा चाकांच्या खुर्चीवरचा मनुष्य अडून बसतो! चारशें मीटर यंत्रानें चढवून शेवटच्या थोड्या पायऱ्यांशीं त्यास सोडून देणें ह्यांत पैशाची काटकसर नाहीं व अक्कलही नाहीं. सप्तशृंगीस सन २०१८ पासून रुळांवरची गाडी चालूं झाली, तेथील लोकांनीं ह्यापुढचा विचार अधिक केला आहे.

पन्हाळ्याची गोष्ट अगदीं निराळी. तेथें गांव नांदतें आहे, मोटारीची सडक गडावर जाते. अंबरखान्याचीं प्रचंड कोठारें, तीन दरवाजा, सज्जाकोठी, हीं सर्व ठिकाणें गडाच्या माथ्यावर आहेत व त्यांमधील अंतरें कापण्यास डोंगर चढावा लागत नाहीं. बारांपैकीं सुगमतेचा आरंभ करावयाचा तर तो पन्हाळ्यापासून, असें आमचें स्पष्ट मत आहे. विजयदुर्गासही जमिनीनें जातां येतें. जिंजीचे डोंगर अवघड असले तरी कल्याणमहाल व कोठारें पायथ्याच्या तटाआंत आहेत. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग व खांदेरी येथें अडचण गडाची नव्हे, होडींत चढण्याउतरण्याची आहे; ती धक्क्याच्या कामानें सुटेल. साल्हेर व राजगड यांच्या वाटांस मात्र हात लावूं नये. तेथें पायथ्याशीं खरी पाटी व गडाचा हातानें चाचपून पाहतां येईल असा उठावाचा नमुना, एवढें केलें तरी आंधळ्या माणसास आज जें मुळींच मिळत नाहीं तें मिळेल.

रक्षणपक्षाच्या एका भीतीस मात्र आम्ही पूर्ण दुजोरा देतों. सुगमतेच्या नांवाखालीं जुन्या पायऱ्यांवर सिमेंट ओतण्याची जी चाल पडली आहे तिनें दुहेरी नुकसान होतें. पायरीवरचा लेख, पाथरवटाची खूण, टांकीचे घाव, सर्व कायमचें गाडलें जातें. आणि पायरी ती पायरीच राहते, म्हणून चाकाच्या खुर्चीस कांहींच लाभ होत नाहीं. पावसाळ्यांत गुळगुळीत सिमेंटावर काठीवाला घसरतो तो निराळाच. जगदीश्वराच्या पायरीचें उदाहरण वर दिलें तें ह्यासाठीं. नवा उतार करावयाचा तर तो जुन्या दगडास न खणतां, पुढेंमागें काढून टाकतां येईल असा, लांकडाचा वा लोखंडाचा, शेजारून करावा. आणि जुनें काय व नवें काय हें पाहणारास ओळखूं यावें. सन १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यास ह्यांत बाध येण्याचें कारण नाहीं. जुन्या वाटेचें अवघडपण हें साधन म्हणून जतन होतें, आणि मनुष्यही पोंचतो.

ह्या कामीं मंडळासारख्या संस्थांचा भाग कोणता? पाळणे व धक्के बांधणें आपलें काम नव्हे. मोजणी मात्र आपली आहे. प्रत्येक गडाच्या प्रत्येक चालू वाटेची लांबी, कमींत कमी रुंदी, सर्वांत कडक चढ, आडवा कल, पृष्ठभाग माती कीं कातळ कीं फरसबंदी, पायऱ्यांची संख्या व पायरीची सर्वांत मोठी उंची, हें एका तक्त्यांत भरावें. त्याच तक्त्यांत वाटेचें जुन्या कागदांतील नांव, पायऱ्यांवरील लेख व खुणा आणि मोडतोड कोणत्या काळची, याची नोंद करावी. दोर, फूटपट्टी व ओळंबा एवढ्यावर हें होतें. दुरुस्तीचें काम निघण्यापूर्वीं असा तक्ता तयार असला म्हणजे काय झांकलें जात आहे हें कळेल, आणि तोच तक्ता पायथ्याशीं मराठींत लावला म्हणजे घरून निघण्याआधीं अपंग मनुष्यास कोणाच्या ‘जमेल हो, या’ वर विसंबावें लागणार नाहीं. तपासणीच्या तुकडींत एकतरी चाकखुर्ची वापरणारा व एक अंध गृहस्थ अवश्य असावा. धडधाकट माणसास तीन इंचांची धोंड दिसतच नाहीं.

दुसरें काम दप्तरांतलें. जखमी व हातपाय गेलेल्या शिपायांच्या नेमणुका, आंधळ्यापांगळ्यांचीं वर्षासनें व इनामें, गडावर मेणे-डोल्या वाहणाऱ्या भोयांचे मुशाहिरे, वाटा बांधल्याचे, मोडल्याचे व झाडी राखल्याचे हुकूम, पायऱ्या बांधविणारांचे लेख, अशा प्रकारचे कागद व ठसे ज्या गृहस्थांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला, कागदाची लांबीरुंदी, शिक्के व सांपडल्याचें ठिकाण यांसह मंडळाकडे पाठवाव्या. मोडी वाचन ज्यांस होत नसेल त्यांनीं छायाचित्र पाठविलें तरी चालेल. पन्हाळा, रायगड व पर्वती यांच्या वाटांसंबंधींचे कागद प्रथम हवे आहेत.